मर्यमचा वली

८ नोव्हेंबर २०२४, शुक्रवार

रोज काय खाल्लं ते लिहून ठेवा म्हणजे साखर कशाने वाढते ते कळेल, असं डॉक्टर म्हणाले आणि औषधाच्या कंपनीची ही डायरी माझ्या हातात दिली. लिहिते तर. आज एक वाटी शिरा खाल्ला. मग आणखी अर्धी. पण शिरा खाण्यासारखी गोष्टच घडली, त्याला मी काय करणार? ती काय हे डॉक्टरांना कळायला हवं, म्हणून सगळंच लिहिते.

जुम्म्याच्या नमाजनंतर काझीसाहेब आमच्या घरी आले आणि त्यांनी ह्यांना मर्यमचा वली नेमलं.

मर्यम ही आमच्या वरच्या खोलीतली भाडेकरू. हॉलंडची. तिकडचं नाव आनेलीस. तिशी ओलांडलेली, उंच, उन्हाने नाक कायम सोललेलं. काही वर्षांपूर्वी तिकडेच, घरात कुणाला न विचारता कलमा पढून मुसलमान झाली. खाडीतल्या तिवरांच्या झाडांचा अभ्यास करायला रत्नागिरीत आली, तेव्हा गुडघ्यापर्यंत चिखल घेऊन आमच्या पडवीत उभी राहिली आणि शाळेतल्या धड्यासारख्या मराठीत म्हणाली, "सलाम आलेकुम. आपल्याकडे खोली आहे काय?" मी आधी तिला पाय धुवायला पाणी दिलं. तेव्हापासून मी तिची खाला, म्हणजे मावशी, आणि हे तिचे बाबा.

आम्ही कोकणी मुसलमान शाफई पंथाचे. आमच्यात बाईचा निकाह वलीशिवाय होत नाही. बाप, आजा, भाऊ, कुणीतरी तिच्या बाजूने उभं राहावं लागतं. मर्यमचे वडील ख्रिस्ती, ते चालत नाहीत. अशा बाईचा वली काझी, आणि त्याला वाटलं तर तो ते काम दुसऱ्या चांगल्या माणसावर सोपवतो. कधीतरी लग्न करायचंय म्हणून मर्यमच काझीसाहेबांकडे गेली होती. त्यांनी विचारलं, कोण हवं? ती म्हणाली, "बाबा."

काझीसाहेब ह्यांना म्हणाले, "अब्बासभाई, वली म्हणजे मालक नव्हे हां. मुलीची मर्जी आमच्यापर्यंत आणायची, एवढंच तुमचं काम." हे बोटीवर तीस वर्षं बोसन, खलाशांचे म्होरके होते, वादळात डोळ्याला पाणी आलं नाही, पण आज रुमाल काढला. मर्यम तर रडलीच. मीही. स्वतःची मुलगी कुवेतला, मुलगा पनवेलला. घरात पुन्हा मूल आल्यासारखं वाटलं.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

तिसऱ्या आणल्या होत्या. मर्यम विळीवर बसायला शिकलीय, मी शिंपल्या सुटवते, ती धुते. धुताधुता ती तिकडच्या गोष्टी सांगायला लागली.

तिकडे तिच्यासारख्या नव्याने मुसलमान झालेल्या बायकांचा एक गट होता. त्यांचा एक शेख होता, तोही गोराच. तुमचे बाप आता तुमचे बाप नाहीत, आता मी, असं तो म्हणायचा. कुठे नोकरी करायची, कुणाशी बोलायचं, केस किती झाकायचे, सगळं तो ठरवायचा. मुलींना वाटे, आपल्याला काय कळतं, आपण तर काल आलो, हा शिकलेला. मर्यमचं लग्नही त्याने ठरवलं, एकदाच पाहिलेल्या माणसाशी. हिने नको म्हटल्यावर सगळ्या बहिणींनी हिच्या सलामला जवाब देणं बंद केलं. ज्यांच्यासोबत रोजे सोडले त्यांनी.

मी म्हटलं, "मेला कसला शेख तो!"

ती म्हणाली, "खाला, तो वाईट होता हे मला नंतर कळलं. तेव्हा वाटायचं मीच वाईट आहे. मला फक्त एवढंच हवं होतं की त्याने मला विचारावं. इथे बाबा विचारतील."

मग तिने आणखी एक गोष्ट सांगितली. मुसलमान होण्याआधी, अगदी तरुण असताना, तिचं एक लग्न झालं होतं आणि मोडलं होतं. तिकडच्या गटात तिला सांगितलं होतं, कलम्याने मागचं सगळं धुतलं जातं, तू ते कुणाजवळ उगाळू नकोस. म्हणून इथे कुणाला माहीत नाही. तिने सगळं सांगितलं, नाव, गाव, सगळं, आणि मग म्हणाली, "हे फक्त तुमच्याजवळ." मी तिच्या ओल्या हातावर हात ठेवून कसम खाल्ली. म्हणून इथेही जास्त लिहीत नाही.

तिसऱ्यांचं सुकं आणि दोन भाकऱ्या. तांदळाच्या.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

मर्यमने आज माझ्या नणंदेला दुखावलं. रझिया जेवायला बोलवायला आली होती, तर ही सरळ म्हणाली, "नाही, मला यायचं नाही, मला काम आहे." रझियाचं तोंड एवढंसं झालं. ती गेल्यावर मी मर्यमला समजावलं की आपल्याकडे मोठ्यांच्या तोंडावर नाही म्हणत नाहीत, चार माणसांत तर नाहीच. गप्प बसायचं, आत जायचं, आणि नंतर घरातल्या बाईच्या हाती निरोप धाडायचा. म्हणजे त्यांचाही मान राहतो आणि आपलंही काम होतं. ती शाळकरी पोरीसारखी ऐकत होती. म्हणाली, "म्हणजे माझं नाही तुम्ही न्यायचं?" म्हटलं, "होय गो, मीच नेणार."

शेजारची तुळसा कुंपणापलीकडून ऐकत होती. सिव्हिलला नर्स होती, त्यामुळे तिला सगळ्यांच्या नाडीवर हात ठेवायची सवय. म्हणाली, "कुलसुम, लई जीव लावू नको गो. भाडेकरू ती. परदेशी माणूस. एक दिवस बॅगा भरील नि जाईल."

मला राग आला. मी म्हटलं, "जाईल कशाला? आम्ही तिचे आईबाप आता."

"आईबापांकडूनच जातात ना पोरी," म्हणाली.

जेवण लिहायचं राहिलं.

१५ डिसेंबर, रविवार

आज मला धड काही सुचत नाही. मर्यमला कुणाशी लग्न करायचंय ते तिने सांगितलं.

फैयाज होडेकर. साखरतरचा. ती ज्या लाँचमधून खाडीत जाते ती हा चालवतो, बिघडली की दुरुस्तही हाच करतो. बायको वारलेली, एक मुलगी शाळेत जाणारी. स्वतःच्या होडीचा नाखवा नाही, घरचा मोठा नाही, दोन खोल्या आणि पुढे इंजिनांचे सांगाडे. मी त्याला ओळखते. माणूस वाईट नाही. तेलाचे हात पुसून सलाम करतो. पण म्हणून काय?

मी विचारलं, "त्याने काय विचारलं तुला?"

"नाही. मीच विचारलं. तो म्हणाला, तुमच्या बाबांना विचारा, मी तयार आहे. मी शुक्रवारी बाबांना सांगणार. तोपर्यंत तुम्ही नका सांगू हां, मला स्वतः सांगायचंय."

किती खुशीत होती! साखरतरला राहणार, खाडी दारात, तिवरं दारात. मला विचारत होती, फैयाजच्या मुलीला वेणी कशी घालतात. एवढं वर्षभर हिला माझ्या हाताने वाढलं, नमाजचा दुपट्टा मी शिवून दिला, तापात पायांवर मीठपाण्याच्या पट्ट्या ठेवल्या, आणि हिने मनातलं माणूस ठरवून मगच मला सांगितलं. दगा म्हणतात तो हाच. आणि राहायला कुठे, तर खाडीपलीकडे, दुसऱ्या बाईच्या मुलीची वेणी घालायला.

संध्याकाळी चहा देताना ह्यांना सांगून टाकलं. नवऱ्यापासून काय लपवायचं? आणि तिच्याच भल्याचं होतं.

२१ डिसेंबर, शनिवार

काल मर्यम ह्यांच्याशी बोलली. हे छान बोलले. म्हणाले, "बघतो बाय, चौकशी करतो माणसाची." तिने ह्यांच्या हाताला डोळे लावले.

चौकशी कसली, माहीत नाही. हे आज दिवसभर घरातच होते. दुपारी रझिया आली, सोबत साहिल. साहिल म्हणजे तिचा मुलगा, आमचा भाचा. मस्कतहून परत आला त्याला आता वर्ष झालं, इथे काही जमत नाही, रोज मोबाइल चोळत बसतो. देखणा आहे. आज मला विचारत होता, "मामी, हॉलंडला थंडी किती असते? तिकडे लायसन चालतं काय आपलं?" मी म्हटलं, मर्यमला विचार. तर लाजला. बाजूच्या खोलीत रझिया आणि हे दार लोटून बरंच बोलत होते.

रझियाने जाताना मला मिठी मारली. "भाभी, सून तुझ्याच घरातून न्यायची, म्हंजे लांब कुठे जातेय? खालच्या गल्लीत. रोज दिसंल तुला."

रोज दिसेल. हे मी किती वेळा मनात म्हटलं. साहिलही काही वाईट मुलगा नाही. नमाज शुक्रवारची तरी चुकवत नाही.

खजूर चार. सहा.

५ जानेवारी २०२५, रविवार

आज हे झालं ते नीट लिहिते, कारण मला त्यातलं माझं काही चुकलंय असं वाटत नाही.

रझिया सकाळीच पेढे आणि साडीचं ताट घेऊन आली. मर्यमला खाली बोलावलं. ह्यांनी घसा साफ केला आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "मर्यम, आमचा साहिल तुला माहीत हाय. खानदानी पोर. मी तुझा वली. माझ्या मनात हे हाय. तुझं काय?"

मर्यम पांढरी पडली. तिने ह्यांच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं, पुष्कळ वेळ. मग खाली मान घातली आणि जिन्याने वर गेली.

रझिया म्हणाली, "लाजली गो पोर!"

हे म्हणाले, "गप ऱ्हवली म्हंजे हो."

मी चहा घेऊन वर गेले. ती खिडकीपाशी उभी होती. म्हणाली, "खाला, मला साहिल नको. मी फैयाजबद्दल सांगितलं होतं ना बाबांना? मी खालीच बोलले असते. पण तुम्ही शिकवलंत, आत्यांसमोर नाही म्हणायचं नाही. बाबांची मान खाली गेली असती. आता तुम्ही जाऊन सांगा. माझं नाही न्या."

मी म्हटलं, "चहा घे आधी."

खाली आले तेव्हा रझिया पेढा ह्यांच्या तोंडात घालत होती. आता त्या वेळी कसं सांगायचं? तीच म्हणाली होती ना बाबांची मान खाली जाऊ नये म्हणून. दोन दिवस जाऊ दे, पोरीचा राग निवू दे, मग सांगीन. मर्यमचाही विचार कदाचित फिरेल. तिला आता वाटतंय फैयाज, फैयाज. साखरतरच्या दोन खोल्यांत पहिला पावसाळा काढल्यावर कळेल, पण तेव्हा मी असेन कुठे?

पेढा अर्धा.

७ जानेवारी, मंगळवार

मर्यम आठ-दहा दिवसांसाठी गुहागरकडे गेली, तिकडच्या खाडीत मोजणी आहे. जाताना विचारलं, "सांगितलं ना खाला?" मी भाजी निवडत होते. म्हटलं, "तू जा निर्धास्त." ती गेली निर्धास्त.

१० जानेवारी, शुक्रवार

जुम्म्यानंतर काझीसाहेब आले. रझियाच्या नवऱ्याने त्यांना तारीख मागितली होती. मी आतल्या दारात पडद्यापाशी उभी होते.

त्यांनी ह्यांना विचारलं, "मुलगी काय म्हणाली?"

"गप होती. मान खाली घालून आत गेली."

काझीसाहेब म्हणाले, "हे बघा अब्बासभाई. मुलगी कुंवारी असेल, तर तिचं गप्प राहणं इजाजत आहे. पण एकदा लग्न झालेली असेल, तर गप्प राहणं चालत नाही. तिने तोंडाने बोललं पाहिजे. हे मी सगळ्यांना विचारतो." मग आत पाहून म्हणाले, "भाभी, बायकांना बायकांचं माहीत असतं. हिचं आधी लग्न झालेलं नाही ना?"

गप्प राहण्याचं हे मलाही माहीत होतं. लहानपणी मोहल्ल्यातली उस्तानी शिकवायची तेव्हापासून माहीत होतं. मी दारातून म्हटलं, "आमच्याकडे आली तेव्हा एकटीच आली."

यात खोटं काय आहे? एकटीच आली होती. आणि दुसरं जे मला माहीत होतं ते तिने कसम घालून सांगितलेलं होतं. हाताला हात लावून घेतलेली कसम मोडायची? तेही गुनाहच की. तिची अब्रू चारचौघांत मी कशी उघडी करणार? मी तिची अब्रू राखली, असंच मी समजते.

काझीसाहेब म्हणाले, "ठीक." शाबान महिना लागताच निकाह, ३१ जानेवारीला.

ते गेल्यावर कुंपणाजवळ तुळसा भेटली. सगळं सांगितलं. लग्नाबद्दलची ती गोष्ट सोडून. ती म्हणाली, "पोरीला कोणी विचारलान?"

म्हटलं, "विचारलं ना सगळ्यांसमोर."

"नि ती काय बोलली?"

मी विषय बदलला. तिच्या सुनेला दिवस गेलेत, त्याचं काढलं.

१६ जानेवारी, गुरुवार

मर्यम आज परत आली. घरी यायच्या आधीच तिला कळलं होतं. जेट्टीवर फैयाजने तिला मुबारकबाद दिली म्हणे. लाँच नेहमीसारखी पुसून ठेवली होती, आणि म्हणाला, तुम्ही मला आधीच सांगायला हवं होतं, मी माझ्या मुलीला सांगून बसलो.

ती चिखलाचे बूट न काढताच स्वयंपाकघरात आली. तिने मला कधी मोठ्याने विचारलं नव्हतं काही. आजही मोठ्याने नाहीच.

"खाला, तुम्ही बाबांना सांगितलं होतं?"

मी म्हटलं, "सांगणार होते."

"काझीसाहेबांना?"

"बस तू. जेवलीस काय?"

"गुहागरहून मी फोन केला तेव्हा तुम्ही म्हणालात सगळं ठीक आहे."

"मर्यम, आमच्या घरात तुला काय कमी हाय? साहिल आपल्यातला. तू माझ्या डोळ्यांसमोर ऱ्हवशील. त्या साखरतरला जाऊन..."

ती म्हणाली, "तिकडे तो शेख होता, खाला. त्याच्यापासून मला स्वतःला जपता आलं, कारण तो मला आवडत नव्हता."

हे काय बोलणं झालं? मला ते लागलं आणि नीट कळलंही नाही. शेखाने हिला वाळीत टाकलं, आम्ही तिला घरात ठेवतोय. दोन्ही एक कसं? एवढं केलं त्याची ही किंमत. मी भांडी घासत बसले, घासलेलीच पुन्हा.

१७ जानेवारी, शुक्रवार

आज मोहल्ल्यात जे झालं ते कधी झालं नव्हतं.

जुम्म्यानंतर पुरुष मशिदीतून बाहेर पडत होते, तेव्हा मर्यम जमातीच्या ऑफिसच्या पायरीवर जाऊन उभी राहिली. डोकं झाकलेलं, नेहमीचा निळा कुर्ता. काझीसाहेब आले तसं सगळ्यांच्या देखत, स्वच्छ मराठीत म्हणाली, "काझीसाहेब, मुसलमान होण्याआधी माझं लग्न झालं होतं. म्हणून माझ्या गप्प राहण्याला काही अर्थ नाही. मला साहिलशी निकाह मंजूर नाही. आता माझ्या तोंडून ऐका. नाही."

हे घरी आले. रझिया मागोमाग आली. "खोटं बोलते ती! सुटायला काढलान हे लगीन. इतके दिवस कुठे होतं? कागद हाय काय तिच्याकडे?" साहिल अंगणात मोबाइल घेऊन उभा. हे म्हणत होते, "माझ्या तोंडाला काळं फासलं. वली केला होता मला. मुलीसारखी मानली."

मला जास्त कशाचं वाटलं? खरं लिहू? ती माझ्याकडे आली नाही, याचं. ज्या गोष्टीसाठी मी जीभ दाताखाली धरली, ती तिने उन्हात उभं राहून सगळ्या मोहल्ल्याला सांगितली. मी कशासाठी सांभाळली मग?

वर तिची खोली बंद आहे. जेवायला खाली आली नाही. मी ताट जिन्यावर ठेवलं. संध्याकाळी तसंच परत आणलं.

२१ जानेवारी, मंगळवार

काझीसाहेबांनी बोलावलं होतं. त्यांच्या घरी, बाहेरच्या खोलीत. हे, रझिया, मी. मर्यम आधीच येऊन बसली होती, दाराजवळच्या स्टुलावर. चार दिवसांत डोळे खोल गेले होते. मला पाहून उठून उभी राहिली, नेहमीसारखी. मला एकदम वाटलं, सगळं सावरता येईल.

काझीसाहेबांनी रझियाचं म्हणणं ऐकून घेतलं, की मुलगी लग्नाचं खोटं सांगतेय. मग माझ्याकडे वळले.

"भाभी, मर्यम म्हणते की नोव्हेंबरात, तुम्ही दोघी स्वयंपाकघरात बसल्या होता तेव्हा, तिने तुम्हाला तिच्या पहिल्या लग्नाचं सांगितलं होतं. सांगितलं होतं काय?"

मर्यम माझ्याकडे पाहत होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. मला वाटलं होतं राग असेल, तर सोपं गेलं असतं. ती वाट पाहत होती, एवढंच.

बाजूला हे बसले होते. हो म्हटलं असतं, तर दहा तारखेला पडद्यामागून काय बोलले, ते ह्यांना आणि काझीसाहेबांना कळलं असतं. रझियाला कळलं असतं. सबंध मोहल्ल्याला कळलं असतं की आमच्या मुकादम घरातल्या बाईला माहीत होतं आणि तिने पोरीला तशीच निकाहाला उभी केली.

मी म्हटलं, "मला आठवत नाही."

काझीसाहेबांनी चष्मा काढला आणि पुसला.

"ठीक आहे," ते म्हणाले. "आता मी सांगतो. या बाबतीत साक्ष लागत नाही. आधी लग्न झालं होतं की नव्हतं, हे बाईनेच सांगायचं असतं आणि तिचा शब्द पुरतो. कागद नको, कुणी नको. मी शुक्रवारी तिथेच तारीख मोडली होती." रझिया काही बोलायला गेली, त्यांनी हात वर केला. "तुम्हाला मी बोलावणारच नव्हतो, भाभी. हिने हट्ट धरला. मी म्हटलं, बाय, गरज नाही. तर म्हणाली, गरज नाही ते कळलं, पण खालांना विचारा. माझं माणूस म्हणून त्यांनी एकदा माझ्या बाजूने बोलावं."

मर्यम खाली पाहत होती. तिचे कान लाल झाले होते.

काझीसाहेबांनी ह्यांना वलीच्या कामातून मोकळं केलं. चांगल्या शब्दांत केलं, पण केलं. मर्यमने विचारलं, "आता माझा वली कोण?"

"मी."

"मग फैयाजबद्दल तुम्ही मला विचाराल?"

"विचारीन."

"मलाच विचारा," ती म्हणाली. "मधे कुणी नको."

मग तिने काझीसाहेबांना सलाम केला, ह्यांना सलाम केला, रझियालाही केला. माझ्यापाशी आली आणि थांबली. मला वाटलं आता बोलेल. तिने पायात चप्पल घातली आणि गेली. मी सलाम केला होता. तिने जवाब दिला नाही.

रिक्षात हे भाट्याच्या पुलाजवळ आल्यावर माझ्या हातावर थोपटून म्हणाले, "बरं बोललीस हो. घराची इज्जत राखलीस."

त्याचं नाव योस्त. सायकलींच्या दुकानात कामाला होता. कोर्टात नोंदणी करून लग्न केलं, मर्यमने आईचा पिवळा झगा कापून घातला होता. लग्नाच्या पहिल्याच थंडीत पोटातलं मूल गेलं, त्यानंतर तो तिच्याशी बोलेना, एकाच घरात असून बोलेना. ती स्वयंपाकघराच्या फरशीवर बसून राहायची आणि तो तिला ओलांडून जायचा. ती म्हणाली होती, खाला, मारलं असतं तरी चाललं असतं, निदान मी आहे हे त्याला कळतंय असं वाटलं असतं. तेव्हा मी तिला जवळ घेतलं होतं, माझ्या हाताला तिसऱ्यांचा वास होता, आणि ती माझ्या खांद्यावर रडली होती.

काझीसाहेबांनी विचारलं तेव्हा यातलं सगळं मला आठवत होतं.